चंदनाची झीज : सावाको आरियोशी यांची एक कादंबरी

दुसऱ्याच्या सेवेंत देह झिजविणाऱ्या माणसाची स्तुति करावयाची झाली म्हणजे मराठी लेखकाच्या लेखणींतून चंदनाची उपमा आपोआप उतरते. उपमा सुंदर आहे, आणि ती जुनी झाली म्हणून तिची गोडी कमी झालेली नाहीं. परंतु ही उपमा झिजण्याकडे केवळ सुगंध घेणाऱ्याच्या बाजूनें पाहते. खोड किती उरलें, तें सहाणेवर कोणाच्या हातानें उगाळलें जात आहे, आणि खोड संपल्यावर देवाला गंध कोठून आणावयाचें, हे प्रश्न ती आपल्याला विचारूंच देत नाहीं. घरांतील वृद्ध व परावलंबी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग या उपमेच्या छायेंतच लिहिला गेला आहे. म्हणून जी कादंबरी हे तिन्ही प्रश्न उघडपणें विचारते तिचा परिचय मराठी वाचकांना करून द्यावा, आणि हे प्रश्न विचारून झाल्यावर ती स्वतः कोठें कचरते हेंहि सांगावें, अशा दुहेरी हेतूनें हा लेख लिहिला आहे.

कादंबरीचें मूळ जपानी नांव 'कोकोत्सु नो हितो'. 'कोकोत्सु' या शब्दाच्या पोटीं दोन अर्थ आहेत : आनंदानें भान हरपणें हा एक, व वार्धक्यानें भान हरपणें हा दुसरा. लेखिका सावाको आरियोशी यांचा जन्म १९३१ सालीं वाकायामा येथें झाला आणि १९८४ सालीं, अवघ्या ५३ वर्षांच्या असतां, त्या निवर्तल्या. प्रस्तुत कादंबरी १९७२ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, पुढच्याच वर्षीं तिच्यावर चित्रपट निघाला, आणि 'कोकोत्सु' हा शब्द जपानांत घरोघर बोलला जाऊं लागला. मिल्ड्रेड ताहारा यांनीं केलेलें 'द ट्वायलाइट इयर्स' हें तिचें इंग्रजी भाषांतर १९८४ सालीं निघालें. आमचें विवेचन त्या भाषांतरावर आधारलेलें आहे.

या लेखिकेला त्यागाचा विषय नवा नव्हता. १९६६ सालच्या तिच्या दुसऱ्या एका कादंबरींत हानाओका सेइशू या इतिहासप्रसिद्ध शस्त्रवैद्याची आई व बायको या दोघी, त्यानें तयार केलेल्या भुलीच्या औषधाचा प्रयोग आपल्याच देहावर व्हावा म्हणून एकमेकींशीं चढाओढ करतात. त्या चढाओढींत बायकोचे डोळे जातात आणि कीर्ति वैद्याची होते. स्त्रीच्या त्यागाला समाज किती तत्परतेनें गौरवतो, आणि त्या गौरवाची किंमत कोण मोजतो, हें जिनें इतक्या धीटपणें दाखविलें होतें, तिनें सहा वर्षांनीं आपली दृष्टि इतिहासावरून काढून शेजारच्या घराकडे वळविली. येथें प्रसिद्ध वैद्य नाहीं, शोध नाहीं, कीर्ति नाहीं. एक म्हातारा आहे आणि त्याची सून आहे.

कथानक अगदीं साधें आहे. टोकियोंतील एका मध्यमवर्गीय घरांत आकिको ही प्रौढ स्त्री राहते. ती एका वकिलाच्या कचेरींत टंकलेखिका आहे. तिचा नवरा नोबुतोशी एका व्यापारी कंपनींत नोकर, मुलगा सातोशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासांत गुंतलेला. सासूसासरे त्याच आवारांतील वेगळ्या लहानशा घरांत राहतात. बर्फ पडत असलेल्या एके दिवशीं आकिको बाजार करून परत येत असतां, चौऱ्याऐंशीं वर्षांचा सासरा शिगेझो कोटावांचून रस्त्यानें तरातरा चालतांना तिला दिसतो. घरीं येऊन पाहते तों सासू मरून पडलेली. म्हाताऱ्याला त्याची दादच नाहीं. त्याला भूक लागली आहे. पोटच्या मुलाला तो ओळखत नाहीं, चोर समजून घाबरतो. अंत्यविधीला आलेल्या मुलीलाहि ओळखत नाहीं. सुनेला मात्र ओळखतो, जिला त्यानें इतकीं वर्षें टाकून बोलण्यांत घालविलीं. जन्मभर जिला परकी मानलें तीच आतां त्याच्या जगांतील ओळखीचें माणूस ठरते, आणि त्या ओळखीचें ओझें तिच्या खांद्यावर कायमचें बसतें.

या आरंभांत एक गोष्ट आहे तिच्याकडे वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं. या म्हाताऱ्याची पहिली शुश्रूषा करणारी आकिको नव्हे. ती म्हणजे त्याची बायको. ती पहिल्याच प्रकरणांत मरते, आणि तिनें अंगावर काय काय झेललें असेल याची चौकशी करावयाला कोणाला सवडच मिळत नाहीं, कारण म्हातारा जेवावयाला मागत असतो. एका कुटुंबांत एक माणूस कोसळतें व त्याच्या जागीं दुसरें उभें केलें जातें. मध्यें एका दिवसाचीहि फट राहत नाहीं. जपानी भाषेंत अशा प्रसंगाला 'तोमोदाओरे' असा एक शब्द आहे : दोघांनींहि मिळून कोसळणें. आधार देणारा आधार घेणाऱ्याबरोबरच खालीं येतो, असा त्याचा भाव. कादंबरीच्या पुढील सर्व प्रकरणांवर या पहिल्या मरणाची सावली आहे. आकिकोचेंहि असेंच होणार काय, हा प्रश्न लेखिका शब्दांत मांडीत नाहीं. परंतु वाचकाच्या मनांतून तो शेवटपर्यंत जात नाहीं.

कादंबरीचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें हा कीं, ती सेवेचें वर्णन भावनेच्या भाषेंत न करतां तासांच्या भाषेंत करते. आकिको सकाळीं किती वाजतां उठते, कचेरींत किती वेळ असते, त्या वेळेंत म्हाताऱ्याला कोणाच्या हवालीं करते, रात्रीं तो किती वेळां ओरडून उठतो, त्याला लघवीला नेण्यासाठीं तिला थंडींत किती वेळ उभें राहावें लागतें, ओलीं फडकीं केव्हां धुते, आणि या सर्वांतून झोपेला काय उरतें, याचा हिशेब पानोपानीं चालला आहे. हें वाचतांना कंटाळा येतो असा आक्षेप कोणी घेईल, व तो खोटाहि नाहीं. परंतु तोच कंटाळा हा या कादंबरीचा विषय आहे. शिगेझो एकदां घरांतून निघून गेला असता तर ती रोमांचक घटना झाली असती. तो पुनःपुन्हां निघून जातो, म्हणूनच ती शिक्षा होते. सेवा करणाऱ्याला थकवा येतो तो एखाद्या मोठ्या प्रसंगानें नव्हे. मोठ्या प्रसंगीं माणसाला बळ येतें, शेजारी धांवून येतात, नातलग तारा करतात. थकवा येतो तो एकशें विसाव्या रात्रीनें, जी एकशें एकोणिसाव्या रात्रीसारखीच असते आणि जिची बातमी कोणालाहि कळवावी अशी नसते.

या थकव्याचीं लक्षणें लेखिकेनें कशीं टिपलीं आहेत तें पाहण्यासारखें आहे. आधीं झोप मोडते. मग क्षुल्लक कारणावरून चीड येऊं लागते, आणि ती म्हाताऱ्यावर न निघतां नवऱ्यावर व मुलावर निघते. स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतें. कचेरींतील काम, जें पूर्वीं श्रमाचें वाटे, तें आतां विसाव्याचें वाटूं लागतें. टंकयंत्रापुढें बसणें ही सुटी ठरते. समोरचें माणूस माणूस म्हणून दिसेनासें होऊन उरकावयाच्या कामांची यादी म्हणून दिसूं लागतें. आणि शेवटीं मनाच्या तळाशीं तो विचार येतो, जो कोणी उच्चारीत नाहीं : हें सारें केव्हां संपणार? सेवा संपणें म्हणजे काय हें जिला ठाऊक आहे तिला या विचाराची लाज वाटते, आणि त्या लाजेचा शीण मूळच्या शीणांत मिळतो. या घरांत हें मोठ्यानें बोलण्याचें धैर्य आहे तें मुलाला. आजोबांकडे पाहून तो आईबापांना उघड विनवितो कीं, तुम्ही मात्र इतकें आयुष्य जगूं नका. त्या बोलण्यांत क्रूरता नाहीं. घरांत काय चाललें आहे हें डोळ्यांना दिसतें तसें सांगण्याचा प्रामाणिकपणा आहे.

ही कादंबरी लिहिली गेली त्या वेळीं या अवस्थेला शास्त्रांत नांव मिळालें नव्हतें. १९७४ सालीं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानें न्यूयॉर्क येथील मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून 'बर्नआउट' हा शब्द शास्त्रीय लेखनांत आणला. आणि १९८१ सालीं क्रिस्टिना मॅस्लाक व सूझन जॅक्सन यांनीं तिच्या मोजमापाचें साधन प्रसिद्ध केलें. त्यांनीं तिचीं तीन अंगें सांगितलीं : भावनांचा साठा आटणें, समोरच्या माणसाविषयीं कोरडेपणा येणें, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं असें वाटणें. वर दिलेल्या लक्षणांशीं हीं तीन अंगें ताडून पाहावींत. कादंबरीकर्त्रीनें शास्त्रज्ञांच्या आधीं तीं ओळखलीं होतीं असें दिसून येईल. एक गोष्ट मात्र शास्त्राला अजूनहि साधलेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तींत ही अवस्था नोंदलेली आहे. पण ती नोकरीधंद्याच्या संदर्भांतच मानावी, जीवनाच्या इतर क्षेत्रांना हा शब्द लावूं नये, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे पगार घेणारी परिचारिका थकली तर तिच्या थकव्याला त्या ग्रंथांत नांव आहे. तेंच काम विनावेतन करणारी सून थकली तर तिच्या थकव्याला तेथें नांव नाहीं. असल्या ठिकाणींच कादंबरीची गरज पडते.

आतां ज्या प्रसंगावर सर्व कादंबरी तोललेली आहे त्याकडे वळूं. आकिको सासऱ्याला स्नान घालीत असते. बाहेर टेलिफोन वाजतो. ती क्षणभर जाते. परत येते तों म्हातारा टबांतील पाण्याखालीं गेलेला. त्याला बाहेर काढतात, डॉक्टर येतात. पुढें त्याला फुप्फुसाचा दाह होतो, व त्यांतूनहि तो वांचतो. लेखिकेनें हा प्रसंग आरडाओरडा न करतां लिहिला आहे, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. ही कुणाची चूक, असा सवाल येथें लागू पडत नाहीं. महिनोन्‌महिने पुरी झोप न मिळालेल्या माणसाच्या हातून जें निसटावयाचें तें निसटलें. दोन हातांचें माणूस एकाच वेळीं टबापाशीं व टेलिफोनपाशीं असूं शकत नाहीं, इतकाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे. घरांत त्या वेळीं आणखी एक माणूस असतें तर टेलिफोन वाजून थांबला असता आणि कादंबरींतील सर्वांत भयंकर पान लिहावेंच लागलें नसतें.

परंतु आकिको हा अर्थ घेत नाहीं. ती अपराधाच्या भावनेनें होरपळून निघते, आणि त्या होरपळींतून निश्चय करते कीं, या म्हाताऱ्याला आतां जितकें जगवतां येईल तितकें आपण जगवूं. येथून कादंबरीचा स्वर बदलतो. आजवर जी सेवा ओझें होती ती आतां व्रत होते; आणि लेखिका हा बदल नैतिक उन्नति म्हणून रंगविते. बहुतेक वाचकांना हा भाग सर्वांत हृद्य वाटतो. आम्हांला तो सर्वांत चिंताजनक वाटतो, आणि या कादंबरीविषयीं आमचा खरा मतभेद येथेंच आहे.

कारण असें कीं, ज्या क्षणीं या स्त्रीनें ओझें कमी करावयास हवें होतें त्याच क्षणीं ती तें वाढविते. तिची दमणूक आतां तिच्या दृष्टीनें पापाचा पुरावा झाली आहे, आणि पापाला उतारा म्हणजे आणखी दमणूक. अपराधाची भावना ही सेवेची प्रेरणा म्हणून फार प्रबळ असते, पण ती मुदतीची नसते. तिला 'पुरे' हा शब्द ठाऊक नसतो. शुश्रूषा करणाऱ्यांपैकीं जीं माणसें मोडून पडतात तीं बहुधा निष्काळजी नसतात. एकदां हातून कांहीं चुकल्यावर स्वतःला कधींच क्षमा न करणारीं असतात. आरियोशी यांच्यासारख्या चाणाक्ष लेखिकेच्या ध्यानांत हें आलें नसेल असें म्हणवत नाहीं. आमचा तर्क असा कीं, हानाओकाच्या बायकोच्या कथेंत ज्या गौरवाचा तिनें पडदा फाडला, त्याच गौरवाची भूल तिला येथें क्षणभर पडली. चंदनाच्या उपमेचा मोह जपानांतहि आहे.

नवऱ्याच्या बाबतींत मात्र लेखिकेची दृष्टि अढळ राहिली आहे. नोबुतोशी दुष्ट नाहीं. तो बापावर रागावत नाहीं, बायकोला उणा शब्द बोलत नाहीं. तो केवळ घाबरलेला आहे. बापाकडे पाहून त्याला स्वतःचें उद्यांचें रूप दिसतें आणि तो नजर वळवितो. बाप आपल्याला चोर समजतो, ही सबब त्याला आयतीच मिळालेली आहे. दमून घरीं येणें हा त्याचा हक्क आहे व दमलेलीनें दार उघडणें हें तिचें काम आहे, अशी त्या घराची न लिहिलेली घटना. शुश्रूषेच्या भाराची वांटणी कां होत नाहीं, याचें इतकें शांत व इतकें निर्दय चित्र आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

वांटणीचा हा मुद्दा केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. १९८० सालीं अमेरिकेंत स्टीव्हन झारिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या २९ व्यक्तींची पाहणी केली. रोगी जितका अधिक त्रासदायक तितका भार अधिक, असें कोणीहि धरून चालेल. परंतु त्यांना तसें आढळलें नाहीं. भाराच्या जाणिवेचा संबंध रोग्याच्या वर्तनाशीं दिसला नाहीं. तो दिसला तो घरचीं इतर माणसें रोग्याकडे किती वेळां येऊन जातात याच्याशीं. ज्यांच्याकडे येणेंजाणें अधिक त्यांना भार कमी वाटत होता. पाहणी लहान होती, तरी तिनें जें सुचविलें तें मोलाचें आहे : झिजणाऱ्याला उणीव पडते ती प्रेमाची नव्हे, हातांची व सोबतीची. आणि ही उणीव किती महागांत पडते तेंहि पुढें दिसलें. १९९९ सालीं रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनीं प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेंतीलच पाहणींत, जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या व त्या भारानें त्रासलेल्या वृद्धांत चार वर्षांतील मृत्यूचें प्रमाण शुश्रूषेचा भार नसलेल्यांपेक्षां शेंकडा ६३ नें अधिक आढळलें. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणांत मरून पडलेल्या त्या सासूची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

आकिकोची सुटका अखेर होते ती कशी, हें आतां पाहूं. सरकारी अधिकारी बाई घरीं येते व सांगते कीं, असल्या म्हाताऱ्याला वृद्धाश्रम घेत नाहीं. मनोरुग्णालयांत ठेवून गुंगीचीं औषधें देणें किंवा घरांतील कोणीतरी स्वतःला वाहून घेणें, एवढेच मार्ग आहेत. शासनाचा आवाज कादंबरींत ऐकूं येतो तो एवढाच. खरी मदत येते ती अनपेक्षित दारानें. म्हाताऱ्याच्या रिकाम्या घरांत एक तरुण विद्यार्थी जोडपें भाड्यानें राहावयास येतें, आणि दिवसाचे कांहीं तास त्याला सांभाळतें. ज्याला घरचीं माणसें भीतीनें पाहतात त्याच्याकडे हीं मुलें कुतूहलानें पाहतात. आकिको कामाचे दिवस कमी करते पण कचेरी सोडीत नाहीं. हळूहळू म्हातारा बोलणें विसरतो, हसणें मात्र शिकतो; पावसांत उभा राहून झाडावरच्या पांढऱ्या फुलाकडे पाहत राहतो, पिंजऱ्यांतल्या पांखराशीं रमतो. 'कोकोत्सु'चा दुसरा अर्थ येथें उजळतो. आकिकोला त्याच्याविषयीं ममता वाटूं लागते.

ही ममता कोठून आली? लेखिका म्हणेल, निश्चयांतून. कथेंतील वस्तुस्थिति पाहिली तर ती त्या भाडेकरू जोडप्यानें दिलेल्या तासांतून आलेली दिसते. झोप मिळूं लागल्यावर आकिकोला तें पांढरें फूल दिसलें. त्याआधीं तीं फुलें फुलत नव्हतीं असें नव्हे. म्हणजे कादंबरी एक सांगते व तिचें कथानक दुसरेंच सिद्ध करतें. आमच्या मतें कथानकाची साक्ष अधिक विश्वसनीय आहे, आणि लेखिकेच्या निरीक्षणशक्तीचा याहून मोठा पुरावा नाहीं कीं, तिच्या उपदेशाला खोडून काढणारे पुरावेहि तिनें लपविले नाहींत. मात्र ही सुटका योगायोगाची आहे, हें दूषण उरतेंच. प्रत्येक घराच्या आवारांत रिकामी खोली नसते, व असली तरी तींत सहृदय विद्यार्थी येतीलच असें नाहीं.

आपल्याकडे या विषयाचें काय झालें? वार्धक्यावर मराठींत श्रेष्ठ कृति आहेत. कुसुमाग्रजांचें 'नटसम्राट' व जयवंत दळवी यांचें 'संध्याछाया' हीं नाटकें पाहून ज्यांचे डोळे ओलावले नाहींत असे प्रेक्षक थोडे. परंतु दोन्हींतील दुःख म्हाताऱ्यांचें आहे. त्यांना सोडून गेलेल्या किंवा दुखावणाऱ्या तरुणांकडे आपण म्हाताऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहतों. 'नटसम्राट'मधील कावेरी आप्पासाहेबांना सांभाळतां सांभाळतां वाटेंतच मरते, आणि आपण रडतों तें आप्पासाहेब एकटे पडले म्हणून. येथें दोष नाटककाराचा नाहीं. आपली नजर तशी वळलेली आहे. या दृष्टीनें सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' हा चित्रपट वेगळा पडतो. त्यांत स्मृति गमावलेला संस्कृत पंडित आहे, आणि त्याची मुलगी इराहि आहे. तिची ओढाताण, तिचा त्रागा व तिची अपराधी भावना हीं चित्रपटाच्या मध्यभागीं आहेत. विशेष हें कीं, हत्तीच्या मागोमाग निघून गेलेल्या त्या वृद्धाला तेथेंहि थारा मिळतो तो परक्या माणसाकडे, माहुताच्या बायकोकडे. टोकियोंतील भाडेकरू जोडपें आणि ही चन्नम्मा यांत नातें आहे. दोन्ही कृति एकच सुचवितात : रोज सांभाळणाऱ्यापाशीं जो धीर आटलेला असतो तो नव्या माणसापाशीं ताजा असतो. त्या नव्या माणसाची थोरवी अर्थातच आहे. पण तिच्यांत ताजेपणाचा वांटा मोठा आहे, हें विसरून रोजच्या माणसाला त्याच्याशीं तोलूं नये.

कोणी म्हणेल कीं, ही विभक्त कुटुंबाची व्यथा आहे. एकत्र कुटुंबांत ती नव्हती. हें विधान तपासून घेतलें पाहिजे. घरांत माणसें पुष्कळ असणें व हात पुष्कळ असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. भरल्या घरांतहि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचें करण्याचें काम बहुधा एकाच सुनेकडे किंवा माहेरीं परत आलेल्या एकाच विधवेकडे लागलेलें असे, आणि बाकीचीं माणसें विचारपूस करीत. विचारपूस म्हणजे सेवा नव्हे. आपल्याकडे २००७ सालीं मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यानें वृद्धांना पोटगी मागण्याचा हक्क दिला, व तो हक्क योग्यच आहे. परंतु त्या मूळ कायद्यांतील 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाहीं. जिच्या हातून बहुसंख्य घरांत ही सेवा प्रत्यक्ष होते तिच्यावर तो कायदा जबाबदारी टाकीत नाहीं हें एका अर्थीं ठीक. पण तिच्या विश्रांतीचाहि विचार त्यांत नाहीं.

जपाननें या बाबतींत पुढें काय केलें तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९७३ सालीं सत्तर वर्षांवरील वृद्धांना औषधोपचार मोफत झाला. त्याचा परिणाम असा झाला कीं, घरीं सांभाळणें अशक्य झालेले वृद्ध महिनोन्‌महिने इस्पितळांतच राहूं लागले. १९८० सालीं क्योटो येथें स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांनीं आपली संघटना स्थापिली. आणि २००० सालीं दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळीस वर्षांवरील प्रत्येकानें त्यांत वर्गणी भरावयाची, आणि त्याच्या आधारें दिवसा सांभाळणारीं केंद्रें, घरीं येणारी मदतनीस बाई व कांहीं दिवसांपुरती निवासाची सोय हीं मिळावयाचीं. हें सर्व एका कादंबरीनें घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु जो प्रश्न सुनेचा खाजगी प्रश्न समजला जाई तो सार्वजनिक आहे, हें जपानी वाचकाच्या मनावर प्रथम ठसविणाऱ्यांत या कादंबरीचें स्थान मोठें आहे. आणि हा विमा म्हणजे दुसरें काय? कादंबरींत जें योगायोगानें आलें तें योजनेनें आणण्याचा प्रयत्न.

योजना मोठी असो वा घरापुरती, तिचें तत्त्व एकच आहे : हात टेलिफोन वाजण्याच्या आधीं वाढवावयाचे, नंतर नव्हे. रात्रींची पाळी वांटून घेणें. आठवड्यांतला एक ठराविक दिवस सेवा करणाऱ्याचा स्वतःचा म्हणून पाळणें, व तो सणवारासाठींहि न मोडणें. डॉक्टरनें रोग्याची नाडी पाहिल्यावर शेजारीं उभ्या असलेल्या बाईची झोपहि विचारणें. दूरच्या भावंडांनीं पैसे व सल्ले पाठवून न थांबतां वर्षांतून कांहीं आठवडे स्वतः येऊन तें अंथरूण सांभाळणें. यांत नवें कांहीं नाहीं. पण जोंपर्यंत आपण सेवा करणाऱ्याला देवमाणूस म्हणतों तोंपर्यंत यांतील कांहींच घडत नाहीं, कारण देवमाणसाला मदतीची गरज नसते असें आपण धरून चालतों. स्तुति ही पुष्कळदां मदत न करण्याची सभ्य रीत असते.

आपल्या परंपरेंत सेवेची आदर्श कथा पुंडलिकाची. आईबापांचे पाय चेपतां चेपतां त्यानें वीट फेंकली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. कथा थोर आहे; पण उतरून देवानें घटकाभर त्या म्हाताऱ्यांचे पाय चेपले व पुंडलिकाला डोळा लागूं दिला, असें ती सांगत नाहीं. तोच देव जनाबाईकडे मात्र वेगळा वागतो. तेथें तो उभा राहून कौतुक करीत नाहीं; जात्याच्या खुंट्याला हात घालतो, दळूं लागतो, शेण्या वेंचूं लागतो. एका दैवताच्या या दोन मुद्रा आहेत, व दोन्ही आपल्याच आहेत. वृद्धांच्या शुश्रूषेविषयीं बोलतांना आपण पहिलीचीच आठवण काढीत आलों.

आरियोशी यांची कादंबरी संपते ती मरणानें, जसें संपावयाचें तसें. जो नातू आईबापांना इतकें जगूं नका म्हणाला होता तोच आतां म्हणतो कीं, आजोबा आणखी थोडे जगते तर बरें झालें असतें. आणि आकिको पांखराचा पिंजरा उराशीं धरून प्रथमच रडते. हा शेवट भावविवश आहे असें कांहीं टीकाकार म्हणतील. आम्हांला तो कमावलेला वाटतो, कारण त्या रडण्याइतकें बळ तिच्यांत उरलें होतें, आणि तें कां उरलें तें मागच्या पानांत दिसलें आहे. आम्हीं वर सांगितलेला मतभेद कायम ठेवूनहि आमचें मत असें कीं, ज्यांच्या घरांत असें एखादें अंथरूण आहे त्यांनीं, आणि विशेषतः ज्यांच्या घरांतील असें अंथरूण दुसरें कोणी सांभाळीत आहे त्यांनीं, ही कादंबरी अवश्य वाचावी. पहिल्यांना आपण एकटे नाहीं हें कळेल. दुसऱ्यांना कदाचित् पुस्तक मिटून उठावेंसें वाटेल, आणि तसें वाटलें तर त्यांनीं तें अपुरें ठेवावयास हरकत नाहीं.